वय न लपवता देखणं राहण्याची फ्रेंच रीत

पॅरिसच्या सातव्या किंवा सोळाव्या विभागात सकाळी भाजीबाजाराला निघालेल्या साठी-सत्तरीच्या बायका तरुण दिसत नाहीत. डोळ्यांभोवती सुरकुत्या असतात, गळ्याची कातडी सैलावलेली असते, केस बऱ्याचदा पांढरे असतात. तरीही नजर त्यांच्यावर ठरते, कारण अंगावरचं सगळं मापाचं, स्वच्छ आणि निगा राखलेलं असतं. फ्रान्सच्या माजी अर्थमंत्री क्रिस्तीन लागार्द (जन्म १९५६) यांचे आखूड चंदेरी केस आणि गळ्यातला रेशमी स्कार्फ जगाने पाहिलाय. वय कमी दाखवायची धडपड त्यात कुठेच दिसत नाही.

फ्रान्समधली प्रत्येक बाई अशी असते हा मात्र गैरसमज आहे. ही मुख्यतः शहरी, बऱ्यापैकी सुस्थितीतल्या घरांतली रीत. त्यांच्या त्वचेतही काही जादू नाही. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीतल्या अनेकींनी तरुणपणी समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास ऊन अंगावर घेतलं, सिगारेटी ओढल्या, आणि ते चेहऱ्यावर दिसतं. घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांच्या सवयी आणि पैसा-वेळ कुठे घालायचा याचा त्यांचा हिशोब. कपडे थोडे घ्यायचे आणि शिंप्याकडून मापात करून घ्यायचे, मेकअप कमी करून त्वचेकडे जास्त लक्ष द्यायचं, आणि घेतलेली वस्तू दुरुस्त करत वर्षानुवर्षं वापरायची.

त्वचा: रात्रीचं काम आधी

फ्रान्समध्ये सौंदर्याची खरी पेठ म्हणजे हिरवा क्रॉस लावलेली फार्मसी. आव्हेन, ला रोश-पोझे, व्हिशी ही नावं मुळात औषधी झऱ्यांच्या गावांची आहेत. काउंटरपलीकडे शिकलेला फार्मासिस्ट असतो आणि त्वचा लाल होते, कोरडी पडते, खाजते असं सांगितलं की तो त्याप्रमाणे क्रीम सुचवतो. तिथल्या बाईच्या कपाटात बाटल्या कमी असतात, पण त्या रोज वापरल्या जातात.

चेहरा स्वच्छ करण्यासाठी मिसेलर वॉटर वापरतात. बायोडर्मा कंपनीने १९९५ मध्ये ते बाजारात आणलं. या पाण्यात मळ आणि तेल धरून ठेवणारे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे साबण लागत नाही. कृती अशी: कापसाची चकती पूर्ण ओली होईल इतकं पाणी घ्या, अर्धवट ओली चकती त्वचेला खरवडते. मिटलेल्या डोळ्यावर ती १० ते १५ सेकंद नुसती धरून ठेवा, काजळ-मस्करा सुटू द्या आणि मग हलकेच खाली ओढा. इथेच बहुतेकींची घाई होते. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, आणि रोज घासून ती सैल आणि काळपट होत जाते. दुसरी चकती चेहऱ्यासाठी, तिसरी गळ्यासाठी. शेवटची चकती पांढरी निघेपर्यंत पुसायचं.

बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी चेहरा कोमट पाण्याने धुवाच. मळ काढणारा अंश रात्रभर त्वचेवर राहिला तर पन्नाशीनंतरच्या कोरड्या त्वचेला चुरचुर होते. पाणी टिपून घ्या आणि त्वचा किंचित ओलसर असताना, एक-दोन मिनिटांच्या आत क्रीम लावा. क्रीम छातीच्या वरच्या भागापासून हनुवटीपर्यंत न्यायचं. हात वरच्या दिशेने फिरवल्याने त्वचा वर चढते असं काही नाही, पण गळा विसरला जात नाही एवढा फायदा नक्की.

झऱ्याच्या पाण्याचा फवारा उन्हाळ्यात बरा वाटतो. मात्र अर्ध्या मिनिटाने ते टिपायला हवं. तसंच सुकू दिलं तर वाफ होताना ते त्वचेतला ओलावाही घेऊन जातं.

सुरकुत्यांवर खरा परिणाम करणाऱ्या गोष्टी मोजक्याच, त्यांत रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) पहिलं. सुरुवात ०.२ ते ०.३ टक्क्यांच्या क्रीमने करा: आठवड्यातून दोन रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. महिना-दीड महिना त्रास झाला नाही तर एक रात्र सोडून एक. नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे आधी सोलवटतात, म्हणून तिथे आधी व्हॅसलीनचा पातळ थर द्या. फरक दिसायला किमान तीन महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात काहीच दिसत नाही म्हणून प्रमाण वाढवलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो आणि मग सगळंच बंद करावं लागतं. ट्रेटिनॉइन हे याहून कडक औषध, ते त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना दोन्ही टाळायचं.

सकाळी साध्या पाण्याने चेहरा धुवून मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. प्रमाण महत्त्वाचं: तर्जनी आणि मधलं बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं सनस्क्रीन चेहरा आणि गळा मिळून लागतं. याच्या निम्मं लावलं तर बाटलीवरचा एसपीएफचा (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा) ५० हा आकडा कागदावरच राहतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. हाताच्या पाठी विसरू नका, वय तिथे फार लवकर दिसतं. पॅरिसच्या हिवाळ्यात ऊन नावापुरतं असतं. पुण्या-नागपुरात ते बाराही महिने कडक, म्हणून फ्रेंच बाईने हिवाळ्यात केलेली ढिलाई आपल्याला परवडत नाही. गालावर वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि तो प्रकाश हे आयर्न ऑक्साइड अडवतं. शिवाय सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पांढुरका थरही दिसत नाही.

मेकअप: डोळे किंवा ओठ

दोन्ही एकदम रंगवायचे नाहीत, हा नियम तिथे कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी सगळ्या पाळतात. पन्नाशीनंतर पावडर कमी आणि क्रीम जास्त, कारण पावडर सुरकुतीत जाऊन बसते आणि दुपारपर्यंत प्रत्येक रेघ वेगळी दिसायला लागते. फाउंडेशन सगळीकडे थापू नका. नाकाच्या बाजूला, हनुवटीवर, डोळ्याखाली जिथे रंग असमान आहे तिथेच बोटाने टेकवून दाबा. क्रीमचा ब्लश हसताना वर येणाऱ्या गालाच्या उंचवट्यापेक्षा बोटभर वर लावा. उंचवट्यावरच लावला तर चेहरा सैल पडताना तो रंगही खाली उतरलेला दिसतो.

लाल लिपस्टिक ही फ्रेंच बायकांची जुनी मैत्रीण, पण वयानुसार ओठांच्या कडेच्या बारीक रेघांतून ती बाहेर पसरते. उपाय सोपा आहे. ओठांच्याच रंगाच्या पेन्सिलने कड आखा आणि आतला भागही त्याच पेन्सिलने भरा. त्यावर लिपस्टिकचा एक थर. एक पदराचा टिश्यू ओठांवर धरून बाहेरून ब्रशने अगदी थोडी पावडर फिरवा, मग दुसरा थर. चकचकीत ग्लॉस वरून लावू नका, तोच सगळं ओढून नेतो. काळं काजळ डोळा लहान आणि थकलेला दाखवत असेल तर गडद तपकिरी वापरून बघा, तेही फक्त वरच्या पापणीला.

केस: रंगवा किंवा सोडा, मधेच लोंबकळू नका

फ्रान्समध्ये केस रंगवणाऱ्या बायका भरपूर आहेत. केस पांढरे ठेवणं हे फॅशनच्या जगात मान्य होऊ लागलं ते गेल्या काही वर्षांत. निर्णय कोणताही घ्या, पण भांगात दोन बोटं पांढरी पट्टी आणि खाली काळेभोर केस हे कुणालाच शोभत नाही.

रंग सोडायचा ठरवला तर हिशोब आधी करा. केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. हनुवटीपर्यंतचे केस साधारण २५ सेंटिमीटरचे धरले तर पूर्ण पांढरे व्हायला पावणेदोन-दोन वर्षं जातील. हा काळ सुसह्य करायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे केस मानेपर्यंत कापून टाकणं. आठ-दहा सेंटिमीटर कमी झाले की सात-आठ महिने वाचतात. दुसरा, केशकर्तनकाराकडून रंगवलेल्या भागात बारीक फिकट बटा काढून घेणं, म्हणजे पांढऱ्या-काळ्याची सरळ सीमारेषा मोडते. सगळे केस एकदम ब्लीच करून चंदेरी करायचा मोह टाळा. काळ्या भारतीय केसांतून आधी नारिंगी, मग पिवळा रंग निघतो आणि तिथवर पोचेपर्यंत केस तुटायला लागतात.

पांढरे केस पिवळट पडण्याची कारणं ऊन, धूर, बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि गरम इस्त्री. जांभळा शॅम्पू आठवड्यातून एकदा, दोन ते तीन मिनिटं. रोज वापरला तर जांभळी झाक येते. पांढरे केस कोरडेही असतात, कारण वयाबरोबर टाळूचं तेल कमी होतं. धुण्याआधी तासभर टोकांना तेल लावणं हे आपल्याकडे सांगायला नको. फ्रेंच सलूनमध्ये तेच पैसे घेऊन करतात.

कापण्याबद्दल एकच गोष्ट पक्की धरा: सहा ते आठ आठवड्यांनी टोकं कापायचीच. तिथल्या बाईला महागडं स्टाइलिंग नको असतं. धुतल्यावर हाताने झटकून वाळवले की आपोआप आकारात बसतील असा काप तिला हवा असतो. लांब केस ठेवायचे असतील तर अंबाडा मानेवर जरा सैल बांधा. फ्रान्सच्या माजी मंत्री सिमोन व्हेल यांचा अंबाडा त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात ओळखीची खूण होता. फार ताणून बांधलेला अंबाडा कपाळाकडचे केस विरळ करतो आणि चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ उघडी पाडतो.

रेशमी चौकोन

एर्मेस या फ्रेंच कंपनीने पहिला रेशमी चौकोनी स्कार्फ १९३७ मध्ये आणला. त्याचं माप ९० बाय ९० सेंटिमीटर, वीण ट्विल, म्हणजे जवळून पाहिलं तर कापडावर बारीक तिरक्या रेघा दिसतात. या तिरकस विणीमुळे गाठ घसरत नाही. गुळगुळीत सॅटिन किंवा पॉलिस्टर तासाभरात सुटतं, आणि मग बाई दिवसभर गळ्याशी खेळत बसते.

बांधायची पद्धत नीट बघा. स्कार्फ उलटा पसरा. समोरासमोरची दोन टोकं मध्यावर आणा, एकमेकांवर बोटभर चढवा. आता दोन्ही बाजूंच्या घड्या पुन्हा मध्याकडे, मग आणखी एकदा तसंच, आणि शेवटी एकावर एक. सात-आठ सेंटिमीटर रुंद, सुमारे १२७ सेंटिमीटर लांब पट्टी तयार होते (चौकोनाचा कर्ण तेवढाच असतो). पट्टीचा मध्य गळ्यावर समोर ठेवा, टोकं मानेमागे फुलीसारखी ओलांडून पुढे आणा. दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस सेंटिमीटर उरतात. आता उजवं टोक डाव्यावरून घेऊन खालून काढा. दुसऱ्या वेळी डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ पिळते आणि टोकं उभी-आडवी होतात. बाजारातल्या आरशासमोर स्कार्फ ‘बसत नाही’ म्हणून सोडून देतात त्यामागे बहुधा हीच चूक असते. बरोबर गाठ चपटी बसते आणि टोकं आडवी पडतात. ती हनुवटीच्या बरोबर खाली न ठेवता दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवा.

गळ्याची कातडी सैल असेल तर घट्ट बांधणं ही सगळ्यात मोठी चूक. कातडी वर ढकलली जाऊन घडी पडते आणि जे झाकायचं तेच नजरेत भरतं. दोन बोटं सहज जातील एवढी जागा सोडा.

दुसरी सोपी पद्धत शर्टासाठी. त्रिकोणी घडी घाला, टोक छातीवर, दोन्ही बाजू मानेमागे ओलांडून पुढे आणा आणि त्रिकोणाच्या खाली गाठ मारा. त्यावर शर्टाची कॉलर बसवा आणि वरची दोन बटणं उघडी ठेवा.

इस्त्री उलट्या बाजूने, रेशमाच्या तापमानावर. चांगल्या स्कार्फची कड हाताने गुंडाळून शिवलेली, गोलसर आणि किंचित फुगीर असते. इस्त्री कडेवरून फिरवली की ती कायमची चपटी होते. परफ्यूम कधीही रेशमावर मारू नका, डाग पडतो आणि तो निघत नाही.

एर्मेसचा स्कार्फ परवडायलाच हवा असं नाही. जुन्या रेशमी साडीच्या मधल्या, जर नसलेल्या भागातून चौकोन निघतो. साडीचा पन्हा ४४ ते ४७ इंचांचा, म्हणजे ९० सेंटिमीटरचा चौकोन आणि कडेला पुरेसं कापड सहज मिळतं. क्रेप किंवा मऊ रेशीम घ्या. पैठणी किंवा भरजरी कांजीवरम ताठ असल्याने गळ्याभोवती फुगा करते. कड दोन-तीन मिलिमीटर गुंडाळून हाताने बारीक टाके घाला. जुन्या बांधणीचा तुकडा वापरणार असाल तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने रंग सुटतो का पाहा. एर्मेसने २०११ मध्ये भारतात साड्याही विकायला ठेवल्या होत्या. आपण उलट दिशेने गेलो तर त्यात काही वावगं नाही.

सुगंध

बाटलीवरच्या नावांमधला फरक तेलाच्या प्रमाणाचा. ‘परफ्यूम’ किंवा ‘एक्स्त्रे’ मध्ये साधारण २० ते ३० टक्के, ‘ओ द पार्फम’ मध्ये १५ ते २०, ‘ओ द त्वालेत’ मध्ये ५ ते १५, ‘ओ द कोलोन’ मध्ये २ ते ५. वय वाढतं तशी त्वचा कोरडी होते आणि वास टिकत नाही. त्यामुळे अनेकजणी जास्त फवारतात आणि लिफ्टमध्ये शेजारणीला गुदमरल्यासारखं होतं. त्याऐवजी आंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम किंवा थोडं तेल मनगटावर आणि कानामागे लावा, मग १५-२० सेंटिमीटर अंतरावरून एक-दोन फवारे. मनगटं एकमेकांवर घासू नका. वरचा हलका वास लगेच उडून जातो. आपला वास आपल्याला काही मिनिटांनी जाणवेनासा होतो, तरी समोरच्याला तो येतच असतो. म्हणून परत परत फवारू नका.

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावात मे महिन्यात गुलाब खुडला जातो आणि उन्हाळ्याअखेरपासून जाई. तिथल्या सुगंधकलेला युनेस्कोने २०१८ मध्ये वारसा म्हणून मान दिला. फ्रेंच अत्तरांत आपला हातभारही आहे. मोगऱ्याचा अर्क तामिळनाडूतून जातो, आणि वाळ्याचा वास गेर्लँ या फ्रेंच अत्तर कंपनीच्या १९५९ च्या ‘व्हेतिव्हेर’ मध्ये आपण सहज ओळखतो. मुंबईच्या दमटपणात जड, गोड, व्हॅनिलाचे वास अंगावर येतात. वाळा, लिंबूवर्गीय किंवा हिरव्या पानांचे वास निवडा आणि नवीन परफ्यूम कागदावर हुंगून लगेच घेऊ नका. मनगटावर लावून चार तास फिरा. खरा वास तेव्हा कळतो.

कपडे: खांदा बघून घ्या, बाकी शिंपी करेल

गाब्रिएल शनेल यांनी १९५४ मध्ये फॅशनमध्ये पुनरागमन केलं तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. त्यांच्या जॅकेटच्या अस्तराच्या खालच्या कडेला आतून बारीक साखळी शिवलेली असते. तिच्या वजनाने जॅकेट सरळ पडतं, हात उचलला तरी परत जागेवर येतं. चांगलं दिसण्याचा खर्च तिथे असा, कुणाला न दिसणाऱ्या जागी केलेला असतो.

तयार जॅकेट किंवा शर्ट घेताना पहिली खूण खांद्याची. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. खांदा सुधारणं महागडं आणि बऱ्याचदा अशक्य असतं. कंबर, बाही आणि लांबी मात्र शिंपी सहज कमी करतो. बाही मनगटाच्या हाडाशी संपावी. पँट सपाट चपलेबरोबर घालणार असाल तर मागच्या बाजूला जमिनीपासून एक-दीड सेंटिमीटर वर, किंवा मग सरळ घोट्याच्या हाडावर. त्यामधली लांबी पाय आखूड दाखवते. शिंप्याकडे जाताना ज्या चपलेबरोबर घालायची ती चप्पल आणि आतले नेहमीचे कपडे घालूनच जा.

रंगांत काळ्यावर फार विसंबू नका. चेहऱ्याजवळ काळा आला की डोळ्याखालची सावली गडद होते. निळसर काळा नेव्ही, राखाडी, दुधी, उंटाच्या केसासारखा तपकिरी हे तिथले नेहमीचे रंग. गव्हाळ रंगाला नेव्ही आणि गडद वाइनचा रंगही खुलतो. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खलाशी टी-शर्ट तर तिकडे नात आणि आजी दोघी घालतात. १८५८ च्या फ्रेंच नौदलाच्या हुकमात त्याच्या पट्ट्याही मोजून दिल्या होत्या: २१ पांढऱ्या, २० मिलिमीटरच्या, आणि २० किंवा २१ निळ्या, १० मिलिमीटरच्या. गळा रुंद, बोटीसारखा, त्यामुळे गळ्याखालचं हाड दिसतं. वयात दंड झाकावेसे वाटले तरी ते हाड उघडं ठेवावं, सुरेख दिसतं.

कपडे कितीही चांगले असले तरी आतली ब्रा चुकीची असेल तर काही बसत नाही, आणि पन्नाशीनंतर माप बदललेलं असतं. छातीखालचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. तो ७३ ते ७७ असेल तर युरोपीय माप ७५, फ्रेंच माप ९० आणि आपल्याकडचं ३४. फ्रान्समध्ये ७५ मध्ये १५ मिळवतात, म्हणून तिथे ऑनलाइन खरेदी करताना गोंधळ उडतो. पट्टा पाठीवर आडवा राहायला हवा. वर चढत असेल तर तो सैल आहे, आणि सगळं वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येऊन खांदे पुढे झुकतात. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर घट्ट बसेल अशी घ्या. इलॅस्टिक सैलावलं की आतल्या हुकांवर सरकायला जागा राहते. आरशात बाजूने बघा: छातीचं टोक खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर हवं. एवढ्याने पाठ ताठ होते आणि शिवलेलं ब्लाउजसुद्धा वेगळं बसतं.

चष्मा

चाळिशीनंतर तो येतोच, तर चेहऱ्याचा दागिना म्हणूनच निवडावा. जवळचं आणि लांबचं एकाच भिंगातून दाखवणारी प्रोग्रेसिव्ह भिंगं व्हॅरिलक्स नावाने १९५९ मध्ये फ्रान्समध्येच आली. फ्रेमची वरची कड भुवईच्या रेषेशी असावी. भुवया पूर्ण झाकल्या तर चेहऱ्यावरचे भाव हरवतात. बुबुळ भिंगाच्या आडव्या मध्याजवळ यायला हवं. प्रोग्रेसिव्हसाठी भिंगाची उंची साधारण २८ ते ३० मिलिमीटर ठेवा, नाहीतर वाचायचा भाग कापला जातो आणि मान वर करून वाचावं लागतं. गडद, जाड फ्रेम डोळ्याखालच्या सुरकुत्यांवर स्वतःची सावली टाकते हेही दुकानातल्या दिव्याखाली न पाहता दारात, उजेडात पाहून ठरवा.

जेवण

बारीक राहण्याचं गुपित म्हणून पुष्कळ काही विकलं जातं. प्रत्यक्षात सवय साधी आहे: बसून जेवायचं, जेवणांच्या मधे तोंड चालवायचं नाही, चीज बोटभर तुकडा. वाइनमुळे सौंदर्य वाढतं असं मानू नये. तिने झोप आणि त्वचा दोन्ही बिघडतात. रोजच्या सॅलडचं व्हिनेग्रेट घरीच करतात: एक चमचा व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ आधी विरघळवायचं, कारण तेलात ते विरघळत नाही, मग पाव चमचा दिजों मोहरी (वाटलेल्या मोहरीची तयार पेस्ट), आणि तीन चमचे तेल थेंबथेंब घालत ढवळायचं. तेल एकदम ओतलं की ते फुटून वेगळं होतं. पानांवर ते वाढताना घालायचं, आधी घातलं की पानं मलूल पडतात.

बूट आणि चपला

नवे चामडी तळाचे बूट घालण्याआधीच चांभाराकडे नेण्याची तिथे पद्धत आहे. तो पुढच्या भागाला एक-दोन मिलिमीटर रबराचा पातळ तळ लावून देतो, त्यामुळे पाय घसरत नाही आणि मूळ तळ झिजत नाही. टाचेचं रबर झिजून खिळा दिसायच्या आधी बदलायचं. खिळ्यावर चालत राहिलं की टाचच तिरकी होते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. तिथे २०२३ पासून कपडे आणि पादत्राणं दुरुस्त करण्यावर सरकारी पाठबळाच्या योजनेतून सवलतही मिळते. टाच तीन ते पाच सेंटिमीटर पुरे. वयानुसार पाऊल रुंद होतं, म्हणून विशीतलं माप धरून न बसता संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दोन्ही पायांत घालून बघा.

पावसाळ्यात चामडं भिजलं तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं की चामड्याला भेगा पडतात. पूर्ण वाळल्यावर क्रीम पॉलिश, आणि कपाटात ठेवताना आत लाकडी साचा किंवा सुकी कापडी पिशवी भरा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कपाट उघडून वारा द्या, नाहीतर बुरशीचे पांढरे ठिपके आधी टाकेच खातात.